कुत्र्याचं लसीचं कार्ड आणि मुलांचा फ्लू: मिल हिलची एक गोष्ट



मागे ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं, "पिल्लू घरातच असतं, मग एवढ्या लशी खरंच लागतात का? की व्हेटचा धंदा?" खाली बऱ्याच जणांनी लिहिलं, "आपल्याकडे गावाला कोण देत होतं लस?" मी तेव्हा काही बोलले नाही. मी सीए आहे, बिल हातात आलं की ओळ न् ओळ तपासते. आमच्या पिल्लाच्या बिलातली पहिलीच ओळ होती 'डिस्टेंपर', आणि मी तिथेच अडले. कारण हा आजार मी घरात पाहिलाय.

मी नऊ वर्षांची असताना मिरजेला आमच्याकडे मोती होता. एके दिवशी त्याचे डोळे चिकटायला लागले, नाकातून घट्ट शेंबूड, खोकला, जेवण बंद. आम्हाला वाटलं सर्दी. आजीने हळद घातलेलं दूध पाजलं. आठवड्याभरात तो जरा सावरला, आम्ही खूश. मग दोनेक आठवड्यांनी झोपेत त्याचा एक पाय सारखा उडायला लागला, जबडा कटकट वाजायला लागला, आणि शेवटी फिट्स. आळीत बोभाटा झाला, 'कुत्रं पिसाळलं'. आम्हा मुलांना जवळ जाऊ दिलं नाही. तो गोठ्यात एकटाच गेला. नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी लक्षणं ऐकून बाबांना सांगितलं, हा बहुतेक डिस्टेंपर होता, आणि लस दिली असती तर टळला असता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता या लसीचा इतिहास ऐका. तो आपल्या लंडनमधलाच आहे.

डिस्टेंपर बऱ्याच काळापासून युरोपात कुत्र्यांची पिल्लं मारत होता. देवीच्या लशीचे एडवर्ड जेन्नर, त्यांनीही 1809 मध्ये यावर लिहिलं होतं. 1905 मध्ये फ्रान्सच्या आंरी कारे यांनी दाखवलं की रोगाचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जातं, म्हणजे तो विषाणू आहे. पण बहुतेकांना ते पटलं नाही. आजारी कुत्र्यांच्या नाकात जिवाणू सापडायचे, त्यांनाच दोषी धरलं जायचं, त्यांच्याच लशी बनायच्या, आणि कुत्री मरतच राहायची.

1923 मध्ये 'द फील्ड' या शिकार आणि ग्रामीण जीवनावरच्या इंग्रजी साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. पैसे देणारे होते कुत्री पाळणारे लोक. ज्यांची शिकारी कुत्री दरवर्षी मरत होती, त्यांनीच संशोधनाचा खर्च उचलला. काम मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे गेलं आणि सुरू झालं मिल हिलच्या शेतावर. होय, नॉर्दर्न लाइनवाल्यांनो, आपलंच मिल हिल.

तिथे दोन माणसं होती. पॅट्रिक लेडलॉ हे डॉक्टर आणि जॉर्ज डंकिन हे पशुवैद्य. त्यांची पहिली अडचण साधी पण मोठी होती. बाजारातून आणलेल्या कुत्र्याला आजार आधीच होऊन गेलेला असायचा, त्यामुळे तो प्रयोगात आजारी पडला नाही तर श्रेय कशाला द्यायचं, हेच कळत नसे. ऑडिटच्या भाषेत सांगायचं, तर ओपनिंग बॅलन्सच चुकीचा. म्हणून त्यांनी कुंपणाआड, बाहेरच्या जगाशी संबंध न येऊ देता कुत्री वाढवली. आत जाणाऱ्या माणसांना अंघोळ आणि कपडे बदलणं सक्तीचं.

दुसरी मदत झाली फेरेटची. मुंगसासारखा दिसणारा हा प्राणी इथले लोक ससे पकडायला पाळत, आणि त्यालाही डिस्टेंपर होतो हे पाळणाऱ्यांना ठाऊक होतं. फेरेटला लागण झाली की तो जवळजवळ नक्कीच मरतो, त्यामुळे निकाल स्वच्छ मिळायचा. लेडलॉ आणि डंकिन यांनी कारे बरोबर होते हे सिद्ध केलं आणि 1928 पर्यंत लस तयार केली. आधी मारलेला विषाणू टोचायचा, मग काही दिवसांनी थोडासा जिवंत. यात कितीतरी कुत्री आणि फेरेट मेले, प्राण्यांवरच्या प्रयोगांना तेव्हाही कडवा विरोध होता. ती किंमत हिशोबातून वगळणं बरोबर नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1933 च्या सुरुवातीला लंडनमध्ये फ्लूची साथ आली. 1918 च्या साथीत जगभर कोट्यवधी माणसं गेली होती, तरी माणसाच्या फ्लूचा विषाणू कोणाच्या हाती लागला नव्हता. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातला द्राव फेरेटच्या नाकात टाकला. फेरेट शिंकायला लागले, त्यांना ताप आला. विषाणू सापडला! पुढे 1936 मध्ये आजारी फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यांना फ्लू झाला. दर ऑटमला शाळेतून मुलांच्या फ्लू लशीचा फॉर्म येतो ना, त्या लशीची सुरुवात कुत्रेवाल्यांच्या वर्गणीपर्यंत पोचते.

आता कामाचं बोलूया.

डोळ्या-नाकातून घट्ट स्राव, ताप, खोकला, खाणं बंद, उलट्या-जुलाब, पंजाचे तळवे किंवा नाक कडक होणं: पिल्लात यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर 'सर्दी असेल' म्हणून थांबू नका. जाण्याआधी व्हेटला फोन करून लक्षणं सांगा, म्हणजे वेटिंग रूममधल्या इतर कुत्र्यांना लागण होणार नाही. बरं वाटल्यावरही पुढचे काही आठवडे अंगाचे झटके किंवा फिट्स येतात का ते बघा. विषाणू मारणारं खात्रीचं औषध आजही नाही. सलाईन, झटक्यांवरची औषधं आणि शुश्रूषा, एवढंच हातात असतं. आपल्या डब्यातलं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. कुत्र्यांना त्याने अपाय होऊ शकतो, मांजरांना तर पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं. आणि भारतात असाल तर झटके येणाऱ्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्याला हात लावू नका, तो रेबीजही असू शकतो.

खर्चाचं म्हणाल, तर लहानपणीचे डोस आणि वर्षाने बूस्टर झाला की डिस्टेंपरची लस साधारण तीन वर्षांनी एकदा लागते. लेप्टोची मात्र दरवर्षी. 'सगळंच दरवर्षी का?' हे व्हेटला जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण पहिला कोर्स अर्धवट सोडू नका. 'घरातच असतं' हे कारण पुरत नाही, कारण इथे कोल्ह्यांनाही डिस्टेंपर होऊ शकतो, आणि रात्री आपल्या बागेत कोण येऊन जातं ते आपल्याला माहीत असतंच.

त्या ताईंना माझं उत्तर उशिरा का होईना, हेच. आज मुलं झोपली की कार्ड काढा आणि शेवटची तारीख बघा. आमच्या मोतीचं कार्डच नव्हतं.