अन् वापस आल्यावर? : भारतीय फुटबॉलमधल्या उसनवारीची तीन वर्षं

फुटबॉलमध्ये एक क्लब आपला खेळाडू दुसऱ्या क्लबाला काही महिन्यांसाठी उसना देतो, असं आमच्या चामोर्शीत सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. रोवणीच्या दिवसांत बैलजोडी उसनी दिली-घेतली जाते हे त्याला ठाऊक आहे. माणूस उसना कसा द्यायचा, हे त्याला कळत नाही. पण हसून झाल्यावर तो जो प्रश्न विचारतो, तो फार नेमका असतो : "अन् वापस आल्यावर?" बैल परत येतो तेव्हा गोठ्यात त्याची दावण त्याच्या जागी असते. खेळाडूची असते का?

भारतीय फुटबॉलपुरतं या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर २०१४ ते २०१७ ही तीन वर्षं बारकाईने पाहावी लागतात. या काळात आपल्याकडे उसनवारी जेवढी झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती. जुन्या बातम्या, स्पर्धांची वेळापत्रकं आणि गुणतक्ते एकाशेजारी एक मांडून मी जे पाहिलं, ते इथे देत आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १९६६-६७च्या हंगामापासून उसनवारी नियमांत बसवली. खेळाडूचा करार मूळ क्लबाशीच राहतो, फक्त त्याची नोंदणी ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबाकडे जाते. मोठ्या क्लबात विशीच्या आतबाहेरच्या पोराला जागा मिळत नाही. सामना खेळल्याशिवाय तो घडत नाही आणि घडल्याशिवाय त्याला सामना मिळत नाही. हा पेच सोडवायला धाकट्या क्लबाची मदत घेतली जाते. १९९५मध्ये मँचेस्टर युनायटेडने १९ वर्षांच्या डेव्हिड बेकहॅमला प्रेस्टन नॉर्थ एंड या खालच्या श्रेणीतल्या क्लबाकडे पाठवलं. तो तिथे पाच सामने खेळला, दोन गोल केले आणि परत आला. पुढचं सर्वांना माहीत आहे.

पण परतणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही. टॉटनहॅमचा हॅरी केन २०११ ते २०१३ या काळात चार क्लबांत उसना हिंडून आला, घरी थांबला, आणि पुढे इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. केव्हिन डी ब्रॉयना चेल्सीकडून २०१२-१३मध्ये वेर्डर ब्रेमेनकडे गेला, जर्मनीत उत्तम खेळला, आणि परतल्यावर त्याला चेल्सीच्या संघात जागाच मिळेना. जानेवारी २०१४मध्ये तो वोल्फ्सबुर्गला विकला गेला. पुढे मँचेस्टर सिटीकडून खेळताना तो जगातल्या उत्तम मध्यरक्षकांपैकी एक ठरला. म्हणजे त्याच्या गुणांत खोट नव्हती. तो परतला त्या वेळी त्या घरात त्याच्यासाठी जागा ठेवलेली नव्हती, एवढंच.

आता आपल्याकडे येऊ. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ संघ, अडीच महिन्यांचा खेळ, झगमगाट मोठा. देशाची अधिकृत स्पर्धा मात्र आय-लीगच होती आणि ती जानेवारीत सुरू व्हायची होती. नव्या संघांना खेळाडू हवे होते, जुन्या क्लबांकडे ते होते. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर एका घरी आणि जानेवारी ते मे दुसऱ्या घरी, अशी व्यवस्था झाली. कागदावर हिलाही उसनवारीच म्हणत, पण इंग्लंडातल्या पद्धतीशी तिचं नातं नावापुरतं होतं. तिथे पोराला सामने मिळावेत म्हणून त्याला पाठवत. इथे दोन वेळापत्रकांचा सांधा जुळावा म्हणून पाठवत होते.

याचा अर्थ काय झाला, हे गोव्यात स्पष्ट दिसतं. धेंपो स्पोर्ट्‌स क्लब हा त्या काळातला दबदब्याचा क्लब. राष्ट्रीय लीग आणि नंतरची आय-लीग मिळून पाच विजेतेपदं, शेवटचं २०११-१२मधलं. इथे जिंकण्याची अपेक्षा दर हंगामात गृहीतच धरलेली असे. धेंपोचे मालक श्रीनिवास धेंपो हे नव्या एफसी गोवा संघाच्याही भागीदारांपैकी एक. त्यामुळे मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस अशी धेंपोची तरुण पोरं एफसी गोव्याकडे गेली. प्रशिक्षक होते ब्राझीलचे झिको. एफसी गोवा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि १७ डिसेंबर २०१४ रोजी कोलकात्याच्या संघाकडून पेनल्टींवर हरला.

पुढच्या तारखा ओळीने वाचाव्यात. २८ डिसेंबरला गोव्यातच फेडरेशन कप सुरू झाला. ११ जानेवारी २०१५ रोजी फातोर्ड्याला धेंपो अंतिम सामना खेळला आणि बंगळुरू एफसीकडून १-२ असा हरला. १७ जानेवारीला आय-लीग सुरू झाली. ३१ मे रोजी ती संपली तेव्हा पाच वेळचा विजेता धेंपो खालच्या श्रेणीत घसरला होता. एका घरातला शेवटचा सामना आणि दुसऱ्या घरातली पहिली स्पर्धा यांत अकरा दिवसांचं अंतर होतं. एवढ्या दिवसांत पोरांनी दुसऱ्या प्रशिक्षकाची पद्धत अंगवळणी पाडायची, दुखरे पाय बरे करायचे, आणि शिवाय 'झिकोकडे शिकून आलास ना, मग दाखव' ही नजर झेलायची.

धेंपोची घसरण केवळ उसनवारीमुळे झाली, असं म्हणणं घाईचं ठरेल. इतर क्लबांचे खेळाडूही असेच ये-जा करत होते आणि त्यांतला मोहन बागान त्याच हंगामात विजेता झाला. पण परतलेल्यांना सांभाळायला वेळ लागतो, आणि त्या वेळापत्रकात तो कुणासाठीच ठेवलेला नव्हता, हे मात्र तारखाच सांगतात.

रोमिओ फर्नांडिसची गोष्ट आणखी वेगळी आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, तो ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराच्या अतलेतिको परानाएन्से या क्लबाकडे उसना गेला. ब्राझीलच्या व्यावसायिक क्लबाकडून खेळलेला पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव झालं. तिथे मैदानावर त्याला मिळालेला वेळ थोडा होता, पण ज्या देशाचे खेळाडू गोव्यात येत, त्या देशात गोव्याचा पोरगा गेला, याचं अप्रूप मोठं होतं. त्याच वर्षी तो परतला आणि एफसी गोव्याकडून पुन्हा खेळला. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यालाच झालेला अंतिम सामना एफसी गोव्याने चेन्नईयनकडून शेवटच्या काही क्षणांत २-३ असा गमावला.

पण ज्या धेंपोतून तो ब्राझीलला गेला होता, तो धेंपो आता देशाच्या वरच्या श्रेणीत नव्हता. २०१६मध्ये दुसरी श्रेणी जिंकूनही धेंपोने, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांच्यासोबत, महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पोरगा जगाच्या दुसऱ्या टोकाहून परत आला आणि इकडे घराचंच आढं काढून घेतलं गेलं. धेंपोला आय-लीगमध्ये परतायला २०२४ उजाडलं. फुटबॉलपटूच्या आयुष्यात आठ वर्षं म्हणजे जवळजवळ सगळी कारकीर्द.

याच तीन वर्षांत उलट उदाहरणही घडलं. चंडीगडचा संदेश झिंगन २०१४मध्ये केरला ब्लास्टर्सकडून खेळला तेव्हा २१ वर्षांचा होता. त्या हंगामातला सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू तोच ठरला. कोचीच्या मैदानावर तेव्हा साठ हजारांच्या घरात माणसं येत. पिवळ्या सदऱ्यांच्या त्या समुद्रापुढे बचावफळीत उभं राहणं म्हणजे काय दडपण असेल, याची कल्पना करावी. ब्लास्टर्सनी त्याला दर जानेवारीत उसना दिला : २०१५मध्ये स्पोर्टिंग क्लुब द गोवा, २०१६मध्ये पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, २०१७मध्ये बंगळुरू एफसी. दर ऑक्टोबरला तो कोचीत परत. बंगळुरूसोबत त्याने मे २०१७मध्ये फेडरेशन कप जिंकला आणि परतल्यावर २०१७-१८च्या हंगामात ब्लास्टर्सनी त्याला कर्णधार केलं.

झिंगन आणि गोव्याची पोरं यांच्यात फरक गुणांचा होता असं मला वाटत नाही. फरक जागेचा होता. झिंगन कुठेही गेला तरी परत आल्यावर बचावफळीच्या मध्यभागी कोण उभं राहणार, हे कोचीत ठरलेलं होतं. मधल्या काळात प्रशिक्षक बदलले, पण ती जागा कुणी मोडली नाही.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे आणि ती महाराष्ट्राची आहे. उसनी आलेली पोरं सांभाळणारी आपली घरं आज कुठे आहेत? पुणे एफसी २०१५नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. पुण्याचाच भारत एफसी एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७मध्ये बाहेर पडला. मुंबई एफसी त्याच वर्षी खाली घसरला आणि मैदानावरून नाहीसा झाला. नोव्हेंबर २०१७पासून दोन्ही लीग एकाच वेळी खेळवल्या जाऊ लागल्या आणि ही दुहेरी उसनवारी थांबली. तोवर तिचं ओझं वाहणारे आपल्याकडचे क्लब एकामागून एक संपले होते.

जागतिक महासंघ फिफाने १ जुलै २०२२पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीवर मर्यादा घातली. एका क्लबाने एका वेळी बाहेर द्यायच्या खेळाडूंची संख्या आधी आठ, मग सात आणि २०२४पासून सहा अशी कमी केली. क्लबाने स्वतः घडवलेल्या २१ वर्षांपर्यंतच्या मुलांना या मोजणीतून वगळलं. नियम चांगला आहे, पण तो जाणाऱ्यांची मोजदाद करतो. परतणाऱ्याचं काय, यावर त्यात अवाक्षर नाही. आणि ज्या वयात परत येणं सर्वांत अवघड असतं, तेच वय मोजणीबाहेर राहिलं.

कोल्हापुरात मला याचं एक जुनं उत्तर दिसतं. तिथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा अशी पेठापेठांची मंडळं फुटबॉल खेळतात. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. विश्वचषकानंतर ही मुलं महासंघाच्या इंडियन अ‍ॅरोज या संघातून खेळली. तो संघ कुठल्याच गावाचा नव्हता. वय वाढलं की मुलांनी तिथून निघायचं, एवढंच ठरलेलं. २०२२मध्ये तो बंदही झाला. तालमीचं तसं नसतं. तिचा शाहू स्टेडियमवरचा सामना म्हणजे दडपण काही कमी नसतं, पण तालमीचा पोरगा कुठेही खेळून आला तरी तालमीचाच राहतो. करारात न लिहिलेली ही गोष्ट भल्याभल्या क्लबांना देता आलेली नाही.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात फुटबॉलचे क्लब नाहीत, पण जाणारी आणि परत येणारी पोरं मुबलक आहेत. आश्रमशाळेतून क्रीडा प्रबोधिनीत, तिथून पुण्या-नागपूरच्या वसतिगृहात, भरतीच्या मैदानावर. त्यांना पाठवताना गाव सत्कार करतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. दोन वर्षांनी त्यांतलं एखादं पोर गुडघा दुखावून किंवा निवडीत मागे पडून येतं, तेव्हा 'वापस आला' हे दोन शब्द शिक्षेसारखे उच्चारले जातात. त्याने बाहेर जे शिकलं ते शाळेतल्या बारक्यांना शिकवावं, असं कुणाला सुचत नाही. त्याला मैदानाची किल्लीसुद्धा कुणी देत नाही.

त्या तीन वर्षांच्या गुणतक्त्यांतून मला एवढंच हाती लागलं. पोर उसनं देणं सोपं आहे. त्यासाठी एक कागद पुरतो. ते परत येईल तेव्हा त्याची जागा शाबूत असावी, यासाठी मात्र घर उभं राहावं लागतं. धेंपोला ते त्या वर्षी जमलं नाही, कोचीला जमलं. आपल्या गावांना जमतं का, याचा तक्ता कुणी छापत नाही. तो आपला आपणच मांडायचा आहे.