दापोडीची बाग एडिंबरात

पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पती-बाग आज पाहायची तर स्कॉटलंडला जावे लागते. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, 1828 च्या सुमारास, ती त्याच्या दापोडीच्या बंगल्यालगत उभी राहिली. 1838 पासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सनने तिचा कारभार पाहिला. जुन्नरजवळ हिवरे इथेही त्याच्या हाताखाली बाग होती. तिथल्या औषधी वनस्पतींपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या दवाखान्यांना औषधे मिळत. गिब्सनने दापोडीच्या झाडाफुलांची शंभरावर रंगीत चित्रे इथल्याच एका चित्रकाराकडून काढून घेतली होती. ती चित्रे एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानाने जपली आहेत. चित्रकाराचे नाव कोणी नोंदवले नाही आणि बागही जागेवर उरली नाही. गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीत गेला, सरकारी बागही पुढे तिथेच झाली, आणि दापोडीला कोणी वाली राहिला नाही.

प्रवासात वनस्पती-उद्यान बघायला जाणे आपल्याला फावल्या वेळचा उद्योग वाटतो. बाग खरी शास्त्रज्ञांची आणि आपण तिथे उपरे, अशी एक समजूत त्यामागे असते. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. या बागा ज्या उपयोगासाठी लावल्या गेल्या तो उपयोग बहुधा पन्नास-शंभर वर्षांत संपला; त्यानंतर त्यांना तगवण्यात बघ्यांचा वाटा मोठा आहे. कोलकात्याजवळच्या शिबपूरचीच गोष्ट घ्या. रॉबर्ट किडने 1787 मध्ये हुगळीकाठी बाग सुरू केली ती शोभेसाठी नव्हे. 1770 च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती. दुष्काळात उपयोगी पडतील अशी झाडे, व्यापाराची पिके आणि जहाजांसाठी सागवान हे त्याचे हिशेब होते. सागवान तिथे साधले नाही. चिनी चहाचे बियाणे 1830 च्या दशकात या बागेत रुजवले गेले, पण चहाचा संसार थाटला तो आसामात आणि हिमालयाच्या उतारांवर. आज शिबपूरला माणसे लोटतात ती एका वडासाठी. बुरशी लागल्यामुळे 1925 मध्ये त्याचे मूळ खोड काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांवर तो पसरतोच आहे.

इथे कोणी म्हणेल की शिबपूर टिकले ते रॉक्सबर्ग, वॉलिक यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या संशोधनामुळे आणि तिथल्या वनस्पती-संग्रहामुळे. वडाखाली फोटो काढणाऱ्यांमुळे नव्हे. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. शास्त्रालाही राजाश्रय लागतो, आणि तो धन्याची गरज असेल तोवरच टिकतो. गिब्सन काही कच्चा अभ्यासक नव्हता. डॅलझेल आणि त्याने मिळून लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1861 मध्ये निघाला. ग्रंथ राहिला, पण त्याच्या विद्वत्तेने दापोडी वाचवली नाही.

धन्याच्या गरजेवर उभी असलेली बाग आणि लोकांच्या सवयीची बाग यांतला फरक मुंबईत आणखी स्वच्छ दिसतो. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान मंडळाची जुनी बाग शिवडीला होती. त्या जागेवर 1865 मध्ये ख्रिस्ती दफनभूमी झाली. त्याआधीच, 19 नोव्हेंबर 1862 रोजी, भायखळ्याची नवी बाग गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते लोकांसाठी खुली झाली होती. हाच आपला राणीचा बाग. हीही बाग त्याच मंडळाकडे होती, पण मंडळ गेले तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली नाही. 1873 मध्ये पालिकेने ती ताब्यात घेतली. गिरणगावाच्या शेजारची ही हिरवी जागा तोवर शहराची सवय होऊन बसली होती, आणि ज्या जागेची शहराला सवय लागते ती सहजासहजी मोडता येत नाही.

यावरचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: गर्दीला झाडे नकोच असतात, तिला तमाशा हवा असतो. राणीच्या बागेत प्राणी आले आणि झाडे मागे पडली. 2017 पासून तर पेंग्विन पाहायला रांगा लागतात. आफ्रिकेची गोरखचिंच, अमेरिकेची कैलासपती, वॉलिकने ब्रह्मदेशात पाहून जिला गव्हर्नर-जनरलच्या घरच्या बायकांचे, ॲमहर्स्ट हे नाव दिले ती उर्वशी, यांच्यापुढे रांग लागत नाही. हे सगळे मान्य. पण 2007 च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा मोठा आराखडा पुढे आला तेव्हा झाडांसाठी उभे राहिले कोण? बागेत नेहमी येणारे, झाडे नावानिशी ओळखणारे नागरिक. त्यांनी यादी केली, हरकती घेतल्या, आणि तो आराखडा होता तसा अमलात आला नाही. म्हणजे प्राण्यांच्या ओढीने बागेत येणाऱ्या हजारांतूनच झाडे पाहणारे थोडे निपजतात, आणि वेळ आली की तेच कामी येतात. दारच बंद असते तर हे थोडेही मिळाले नसते.

म्हणून प्रश्न गर्दी रोखण्याचा नाही, तिच्यातल्या जास्तीत जास्त माणसांना झाड ओळखता येण्याचा आहे. लॅटिन नावाच्या गंजक्या पाटीने ते होत नाही. झाडाचे मराठी नाव, ते कुठून आले, कशासाठी आणले, एवढे तीन ओळींत सांगणारी पाटी प्रत्येक झाडाला हवी, आणि ती मागण्याचा हक्क तिकीट काढून आत जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. पुढच्या खेपेला पेंग्विन पाहून झाले की उर्वशी कुठे आहे ते माळ्याला विचारा. दापोडीत असे विचारणारा कोणी नव्हता.