स्नायुशिथिलके, शुद्धिहरणातील

शस्त्रक्रियेच्या वेळी ऐच्छिक स्नायू तात्पुरते ढिले पाडणाऱ्या औषधांना स्नायुशिथिलके म्हणतात. तंत्रिका (मज्जातंतू) व स्नायू यांच्या संधिस्थानी ही औषधे कार्य करतात. तंत्रिकेच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य स्नायूला आकुंचनाचा संदेश देते. त्या संदेशाचा परिणाम ही औषधे होऊ देत नाहीत. त्यामुळे पोटाची भिंत सैल पडते व श्वासनलिकेत नळी घालणे सुकर होते. मात्र ही औषधे झोप आणीत नाहीत व वेदनाही शमवीत नाहीत. शिवाय श्वसनाचे स्नायू लुळे पडत असल्याने रुग्णाचा श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवावा लागतो. हा धोका ओळखणे आणि पुढे तो मोजता येणे, हाच या औषधांच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

इतिहास : दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीसाठी बाणांच्या टोकांना क्युरारे हे वनस्पतिज विष लावीत. १८१४ साली लंडनमध्ये एका गाढविणीला हे विष टोचून भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यात आली. विषाचा अंमल ओसरल्यावर ती जगली. क्युरारे श्वास थांबवून मारते आणि श्वास चालू ठेवल्यास मृत्यू टळतो, हे यावरून दिसून आले. पुढे क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी बेडकांवरील प्रयोगांनी दाखविले की, विषानंतर तंत्रिका उद्दीपित केली तरी स्नायू हलत नाही. पण खुद्द स्नायू उद्दीपित केल्यास तो आकुंचन पावतो. १९३५ साली हॅरॉल्ड किंग यांनी क्युरारेपासून ट्युबोक्युरारीन हे अल्कलॉइड वेगळे केले.

२३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रिऑल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ व ईनिड जॉन्सन यांनी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेत क्युरारेचा वापर केला. तोपर्यंत पोट सैल पडावे म्हणून ईथराची खोल गुंगी द्यावी लागे व तिचा भार हृदयावर पडे. आता हलकी गुंगी पुरू लागली. त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला : निश्चल दिसणारा रुग्ण खरोखर बेशुद्ध असतो काय? अमेरिकन शुद्धिहरणतज्ञ स्कॉट स्मिथ यांनी शुद्धीत असताना स्वतःवर ट्युबोक्युरारिनाचा प्रयोग करून घेतला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार शरीर पूर्ण लुळे पडूनही त्यांची जाणीव व वेदना शाबूत होत्या.

बीचर व टॉड यांनी अमेरिकेतील १० रुग्णालयांतील सुमारे ६ लाख शुद्धिहरणांचा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध केला. स्नायुशिथिलके दिलेल्या रुग्णांत शुद्धिहरणामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सु. ३७० मध्ये १, तर इतरांत सु. २,१०० मध्ये १ आढळले. लेखकांनी दोष औषधांच्या विषारीपणाकडे दिला; परंतु अपुरे कृत्रिम श्वसन व अंमल पूर्ण उतरण्याआधीच रुग्णाला सोडून देणे, ही कारणे अनेक टीकाकारांना अधिक संभाव्य वाटली. लिव्हरपूल येथे ग्रे व हॅल्टन यांनी १९४६ पासून हलकी गुंगी, श्वसनावर पूर्ण ताबा आणि शेवटी निओस्टिग्मिनाने अंमल उतरविणे ही पद्धत रूढ केली होती.

भारतातही या औषधांचा शोध घेण्यात आला. आयुर्वेदात वापरात असलेल्या पाठा (पहाडवेल) या वेलीच्या मुळांतून मिळालेल्या हयातिनाच्या अनुजातांत ट्युबोक्युरारिनासारखा गुण असल्याचे १९५० नंतरच्या दशकात भारतीय संशोधकांनी दाखविले. तथापि व्यवहारात त्यांचा प्रसार झाला नाही.

सक्सामेथोनियम व कीटकनाशके : १९५१ च्या सुमारास प्रचारात आलेले सक्सामेथोनियम मिनिटभरात कार्य करते व काही मिनिटांतच ओसरते, कारण रक्तातील कोलीनएस्टरेज हे एंझाइम त्याचे विघटन करते. हे एंझाइम आनुवंशिक दोषाने कमी वा निष्क्रिय असल्यास अंमल काही तास टिकू शकतो. भारतात आर्यवैश्य समाजात ही न्यूनता तुलनेने अधिक आढळली आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकेही हेच एंझाइम निकामी करतात. म्हणून बुलढाण्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. विषबाधा झालेल्या रुग्णाचा श्वास वाचविण्यासाठी नळी घालताना सक्सामेथोनियम दिले, तर स्नायू अपेक्षेपेक्षा फार काळ लुळे राहू शकतात. फवारणी करणाऱ्या व्यक्तीवर तातडीची शस्त्रक्रिया करावयाची असल्यास अलीकडच्या फवारणीची चौकशी करणे त्यामुळे आवश्यक ठरते. विदर्भातीलच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. २०२४ साली बुलढाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

मापन : मान पाच सेकंद उचलून धरता येणे, हाताची पकड घट्ट असणे या खुणांवरून पूर्वी अंमल उतरल्याचे ठरवीत. १९५८ साली क्रिस्टी व चर्चिल-डेव्हिडसन यांनी तंत्रिका-उद्दीपक वापरण्याचा पुरस्कार केला. १९७० साली अली, अटिंग व ग्रे यांनी चार स्पंदांची कसोटी मांडली. मनगटाजवळील तंत्रिकेला अर्ध्या अर्ध्या सेकंदाने चार विद्युत् स्पंद देऊन अंगठ्याची हालचाल पाहतात. चौथ्या हालचालीचे पहिलीशी असलेले गुणोत्तर अंमलाचे माप होय. १९७९ साली डेन्मार्कमध्ये व्हिबी-मोगेन्सेन व सहकाऱ्यांनी ७२ रुग्ण तपासले. शुश्रूषाकक्षात आलेल्यांपैकी ४२ टक्क्यांचे गुणोत्तर ०·७ पेक्षा कमी होते. पुढे गिळण्याची क्रिया व श्वसनमार्गाचे रक्षण पूर्ववत होण्यास ०·९ गुणोत्तर लागते असे दिसून आले. गुणोत्तर ०·४ च्या वर गेल्यावर उरलेला फरक केवळ हाताच्या स्पर्शाने सहसा ओळखता येत नाही, म्हणून आकडा दाखविणारी उपकरणे श्रेयस्कर मानतात.

यूरोपात २००८ साली मान्यता मिळालेले सुगामाडेक्स हे रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियम यांचे रेणू वेढून त्यांचा अंमल त्वरित उतरविते. सक्सामेथोनियमावर त्याचा उपयोग नाही. तेथे एंझाइमाची उणीव असल्यास अंमल आपोआप उतरेपर्यंत रुग्णाला गुंगीत ठेवून कृत्रिम श्वसन चालू ठेवणे, हाच मुख्य उपाय आहे.