रावण, कैलास आणि एक अंगठा

कैलास हलवणारा रावण शाईने काढायला सोपा वाटतो. खाली तोंडांची आणि हातांची गर्दी, मधे डोंगर, वर शिव-पार्वती. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाच्या देवळावर हा प्रसंग कोरलेला आहे. तो वहीत उतरवताना सगळा जोर रावणाच्या दंडांवर जातो आणि शिवाच्या पायाचा अंगठा राहून जातो. मग उरतो तो आखाड्यातला पैलवान.

प्रसंगाचं मूळ रामायणाच्या उत्तरकांडात आहे. कुबेराला हरवून निघालेल्या रावणाचं पुष्पक विमान कैलासापाशी अडतं. नंदी म्हणतो, मागे फीर. रावण त्याच्या वानरमुखाला हसतो आणि शाप पदरात घेतो (शापातली वानरं पुढे लंकेत येतातच). चिडून तो डोंगराखाली हात घालतो. कैलास डळमळतो, पार्वती शिवाला बिलगते. शिव जागचा न उठता अंगठ्याने डोंगर दाबतो आणि हात खाली चिरडतात. रावण कितीतरी काळ स्तुती करतो, तेव्हा सुटका होते, वर चंद्रहास तलवारही मिळते. म्हणून मूर्तिशास्त्रात या मूर्तीला ‘रावणानुग्रह’ म्हणतात. नावात शिक्षा नाही, कृपा आहे.

गुप्तकाळात मथुरेच्या शिल्पकारांनी हा विषय हाताळला होता. पण त्याला खरा पैस मिळाला वेरुळात. आठव्या शतकातल्या कैलास लेण्यात रावणाभोवतीचा खडक इतका खोल पोखरला आहे, की तो अंधारातच अडकल्यासारखा दिसतो. वर पार्वतीने शिवाचा हात धरलाय, दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. शिव मात्र निवांत. शाईला हे शिल्प मानवतं: खालची पोकळी गच्च काळी भरली की काम अर्धं झालं.

औंढ्याला ही सोय नाही. देऊळ यादवकाळातलं, साधारण तेराव्या शतकातलं. तिथे प्रसंगाला देवळाच्या अंगावरची बेताची जागा मिळालीय, वेरुळासारखी गुहा नाही. तिथे वेरुळासारखा काळा रंग भरणं म्हणजे शिल्पावर अन्यायच. बारीक निबने कडा धरावी, सावली ठिपक्यांनी सुचवावी आणि झिजलेल्या जागी रेघ सोडून द्यावी. तिथे मनाने नाक-डोळे काढले, तर चित्र देखणं होतं, पण खोटंही.

असं चित्र वाचताना मी आधी वरची बाजू बघतो. पार्वती कुठे झुकलीय? शिवाचा पाय टेकलाय की लोंबतोय? चित्र स्वतःचं असेल तर रावण तळहाताने झाकून पाहावा. नुसत्या वरच्या माणसांवरून डोंगर हलतोय हे कळलं, तर शाई वाळू द्यायला हरकत नाही.