आधी कर भरा, मग दाद मागा? नागपूरचा एक विस्मृत खटला

१/८
कर आकारणे हा राज्याचा अधिकार. परंतु कर मागणारी तरतूदच घटनाबाह्य असेल, तर नागरिकाने आधी रक्कम भरावी आणि मग न्याय मागावा काय? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक खटला नागपुरातून दिल्लीला गेला.

२/८
१९४७ साली ‘मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर कायदा’ आला. हा कापसाचा मुलूख. इथल्या गाठी मुंबईला जात. कायद्यातील एका स्पष्टीकरणाने ठरवले की, करार होतेवेळी माल प्रांतात असला, तर विक्री प्रांतातच झाली असे मानावे. मग करार कोठेही झालेला असो.

३/८
१९५० साली राज्यघटना लागू झाली. कलम २६५ : कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही. कलम २८६ : राज्याबाहेरील विक्रीवर राज्याला कर लावता येणार नाही. कलम २२६ : हक्कांच्या रक्षणासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका.

४/८
कापूस व्यापारी हिंमतलाल हरिलाल मेहता यांनी याच आधारावर नागपूर उच्च न्यायालयात धाव घेतली. अर्ज फेटाळला गेला. अर्जदाराने विवरणपत्र भरलेले नाही, कराची मागणीही झालेली नाही. अशा वेळी आगाऊ आदेश देता येत नाही, असे कारण दिले गेले.

५/८
सर्वोच्च न्यायालयात शासनाचा युक्तिवाद असा की, दाद मागण्याची सोय कायद्यातच आहे. अडचण एकच : त्या वाटेने जाण्यापूर्वी कराची संपूर्ण रक्कम जमा करावी लागे.

६/८
मार्च १९५४ मध्ये निकाल लागला. ते स्पष्टीकरण घटनाबाह्य ठरले. अवैध तरतुदीखाली सक्तीच्या वसुलीची नुसती धमकीही व्यवसायस्वातंत्र्यावर, म्हणजे कलम १९(१)(छ) वर आघात करते, असे न्यायालयाने म्हटले. पूर्ण रक्कम आधी मागणारा जाचक उपाय रिटच्या आड येऊ शकत नाही.

७/८
याचा अर्थ प्रत्येक करदात्याला थेट उच्च न्यायालय मोकळे झाले, असा नव्हे. १९८३ च्या टिटाघर पेपर मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले : तक्रार केवळ आकारणीतील चुकीची असेल, तर आधी कायद्यातील अपिलाची वाट चोखाळावी. अन्यथा वसुलीच ठप्प होईल.

८/८
१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर उच्च न्यायालय संपले. त्याच्या वास्तूत आज मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. प्रश्न मात्र जिवंत आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात पहिल्या अपिलासाठी वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते. संपूर्ण रकमेपासून दहा टक्क्यांपर्यंतचे हे अंतर म्हणजेच तिजोरी आणि नागरिक यांच्यातील तडजोड. नवा करकायदा वाचताना दरांइतकेच अपिलाचे कलमही वाचावे, ते यासाठी.