वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प
वारणा वायर्ड व्हिलेज हा कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ साली सुरू झालेला ग्रामीण संगणक प्रकल्प होय. वारणानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे जाळे हा त्याचा आधार होता. गावोगावच्या संगणक केंद्रांतून शेती, आरोग्य व शिक्षणविषयक माहिती ग्रामस्थांना मिळावी, असा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यत्वे उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन आणि बिल यांपुरताच राहिला. अर्थात, आपल्या उसाचे वजन व बिल गावातच कळणे ही ऊस उत्पादकाच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हे. मात्र संगणक प्रामुख्याने केंद्रचालकच हाताळत असे. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगात ७ गावांत संगणकाची जागा मोबाइलवरील एसएमएसने घेतली. हा पर्याय स्वस्त होता आणि हवी ती माहिती शेतकऱ्याला थेट स्वतःच्या हातातील फोनवर मागवता येऊ लागली.