मान वर करून मुंबई

मुंबईचा माणूस पायी चालतो तो दोनच प्रसंगी. एक, लोकल बंद पडली की. आणि दोन, डॉक्टरनं साखर वाढल्याचं सांगितलं की. पहिल्या वेळी तो रेल्वेच्या नावानं बोटं मोडत चालतो, दुसऱ्या वेळी वाटेतला बटाटेवाडा चुकवत (किंवा न चुकवत) चालतो. दोन्ही वेळा त्याची नजर जमिनीवर असते, कारण इथल्या फुटपाथवर वर बघत चालणारा माणूस फार लांब जात नाही. परिणामी कोट विभागाचा इतिहास, जो बराचसा डोक्याच्या वर कोरून ठेवलेला आहे, तो कबुतरांखेरीज कोणी वाचत नाही.

यावर उपाय म्हणून मी एक जुनाच खेळ बाहेर काढला. लहानपणी चाळीत आपण खजिन्याचा शोध खेळायचो. पहिली चिठ्ठी तुळशीपाशी, तिच्यात दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा, आणि शेवटी मिळायची एक लिमलेटची गोळी. तोच खेळ, फक्त चाळीऐवजी कोट. चिठ्ठ्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिल्या, रविवारची सकाळ धरली आणि सोबत आमच्या कॅशियरबुवांना घेतलं. नियम तीन: वाहन नाही, पानवाल्याला विचारणं नाही आणि मान खाली नाही.

खजिना म्हटल्यावर कॅशियरबुवांचे डोळे चमकले. तसा मुंबईत खरा खजिना एकदा आकाशातून पडलेला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट पेटली. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा असा फराळ एकत्र भरलेला! स्फोटात शेकडो माणसं गेली, आणि एक सोन्याची वीट मैलभर उडून एका घरात पडली. त्या गृहस्थांनी ती परत केली.

“परत केली?” कॅशियरबुवा जागच्या जागी थांबले. मग म्हणाले, “पोच घेतली असेल ना?”

व्हीटीपासून निघालो. स्टेशनाचं नाव १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये बदललं, पण जिभेला अजून परिपत्रक पोचलेलं नाही. पहिली चिठ्ठी होती: ‘दोन जंगली जनावरं, दोन खांब, पण भांडण नाही.’ फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. या वाघाखालून लाखो माणसं रोज जातात, पण नऊ बाराची गाडी सुटत असताना वाघाला विचारतो कोण?

दुसरी चिठ्ठी: ‘कोट शोधा.’ कॅशियरबुवांनी अंगातला दाखवला. खरा कोट, म्हणजे इंग्रजांच्या किल्ल्याची भिंत, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६२ पासून पाडायला घेतली. तिचा एक तुकडा सेंट जॉर्ज हॉस्पिटलाजवळ उरला आहे. भिंतीला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्चगेट. यातलं चर्च म्हणजे १७१८ मध्ये उघडलेलं सेंट थॉमस. ते अजून जागेवर आहे. गेट मात्र गेलं.

“तीस वर्षं चर्चगेटचा पास काढतोय,” कॅशियरबुवा म्हणाले, “आणि गेट नाहीच? मग हे पैसे कसले?”

हाच या शहराचा हिशेब. इथे वस्तू जाते, नाव राहतं. खातं बंद झालं तरी पासबुक चालू! तिसऱ्या चिठ्ठीचा काळा घोडा घ्या. राजपुत्र एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. तरी बावन्न वर्षं लोक रिकाम्या जागेला काळा घोडा म्हणत राहिले. अखेर २०१७ मध्ये तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला, पण बिनस्वाराचा. जनतेनं घोडा लक्षात ठेवला, राजा विसरली. लोकशाही याहून वेगळी काय असते?

चौथी चिठ्ठी राजाबाई टॉवरची. १८७८ मध्ये पुरा झालेला हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव मिळालं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि इथले शेअर कोसळले. प्रेमचंदशेठही त्यात बुडाले, पण आईचं नाव बुडालं नाही. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे चोवीस पुतळे आहेत. कॅशियरबुवांनी मोजायला घेतले, नऊवर मान धरली.

शेजारी हायकोर्ट, तेही १८७८ चंच. पाचवी चिठ्ठी: ‘एका डोळ्याचा न्यायाधीश.’ दगडात कोरलेलं माकड, हातात न्यायाचा तराजू, एका डोळ्यावर पट्टी! पलीकडे गळ्यात वकिली पट्टा घातलेला कोल्हा. दावा हरलेल्या एका पारशी कंत्राटदारानं हा राग दगडात काढला असं सांगतात. न्यायदेवतेचे दोन्ही डोळे बांधतात. माकडाचा एक उघडा ठेवणाऱ्याला कोर्टाचा अनुभव दांडगा असावा.

शेवटची चिठ्ठी साधी होती: ‘मशाल धरून किती जण उभे आहेत?’

जागा फ्लोरा फाउंटनची. पूर्वीचं चर्चगेट होतं ते इथेच. कारंजं खरं म्हणजे भिंत पाडणाऱ्या फ्रिअरच्या नावानं व्हायचं, पण नाव मिळालं फुलांच्या रोमन देवीचं. इथेच २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि पंधरा माणसं पडली. पुढे आकडा १०६ वर गेला, आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं.

“एकच जण,” कॅशियरबुवा मान वर न करताच म्हणाले. “रोज बघतो की.”

मग त्यांनी वर पाहिलं. दोन आहेत: एक शेतकरी, एक कामगार. कॅशियरबुवा काही बोलले नाहीत. शेंगदाण्याची पुडी त्यांनी खिशात ठेवली.

इतर ठिकाणी वस्तू गेली आणि नाव उरलं. इथे वस्तूही आहे, नावही आहे. नसते ती आपली नजर. १०६ हा आकडा शाळेपासून पाठ, पण पाच सत्तावन्नची चर्चगेट लोकल गाठताना हुतात्मा चौक म्हणजे ओलांडायचा एक सिग्नल. ज्यांच्यामुळे हे शहर आपलं झालं, त्यांना भेटायला एक लाल दिवा पुरे आहे.

तेव्हा वाचकहो, एखाद्या रविवारी निघा. पायात जुन्या चपला, खिशात शेंगदाणे आणि चिठ्ठ्या. शेवटी पेटी सापडत नाही आणि सोन्याची वीटही अंगावर पडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मानेला थोडा तेलाचा हात लावावा लागेल, एवढाच खर्च.